विश्लेषण : डिझेलचा वेग दाखवणारे, उतारावरच्या ट्रकला आवरणारे क्लेसी कमिन्स कोण होते?

पुण्यात कमिन्स हे नाव नवे नाही. कर्वेनगरमधील मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय, एखाद्या इमारतीच्या आवारातला जनरेटर, मालवाहू वाहनाचे इंजिन, अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ते नजरेखालून जाते. मात्र हे नाव ज्यांचे आहे, ते क्लेसी कमिन्स फारसे कोणाला माहीत नसतात. जेमतेम आठवीपर्यंत शिकलेल्या आणि एका बँकरच्या मोटारीवर चालक म्हणून लागलेल्या या माणसाने १९३१ मध्ये स्वतः स्टिअरिंग धरून डिझेल मोटार ताशी १०० मैलांच्या पुढे नेली. त्याच वर्षी एका घाटात त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि ते थोडक्यात बचावले. पहिल्या घटनेने डिझेलकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली. दुसरी घटना मात्र कमिन्स यांच्या डोक्यातून पुढची २५ वर्षे गेली नाही. तिच्यातूनच जगभरच्या अवजड ट्रकमध्ये आज वापरला जाणारा इंजिन ब्रेक तयार झाला.

चालक ते कारखानदार

क्लेसी लायल कमिन्स यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हनी क्रीक येथे झाला. आठवीनंतर शाळा सुटली, पण यंत्रांचे वेड लहानपणापासूनचे होते. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी लाकडाचे साचे कोरून, त्यावरून धातूचे भाग ओतून वाफेचे छोटे इंजिन बनवले होते. पुढे काही काळ त्यांनी इंडियानापोलिसच्या नॉर्डाइक अँड मार्मन या मोटार कंपनीत काम केले. याच कंपनीच्या ‘वास्प’ या पिवळ्या गाडीने १९११ मध्ये पहिली ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यत जिंकली. शर्यतीचे मैदान आणि तिथल्या प्रेक्षकांची उत्सुकता कमिन्स यांनी तेव्हापासून जवळून पाहिली होती.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते कोलंबस या गावात. ओहायो राज्यातले मोठे कोलंबस वेगळे, हे इंडियानातले लहान शहर. तिथले बँकर विल्यम ग्लँटन आयर्विन यांनी १९०८ मध्ये कमिन्स यांना मोटारचालक म्हणून ठेवले. हा मुलगा गाडी चालवतो त्यापेक्षा चांगली दुरुस्त करतो, हे आयर्विन यांच्या लवकरच लक्षात आले. त्यांनी कमिन्स यांना गॅरेज आणि वर्कशॉपसाठी पाठबळ दिले. त्यातूनच ३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली. कल्पना कमिन्स यांची होती आणि पैसा आयर्विन यांचा. ही विभागणी पुढे अनेक वर्षे तशीच राहिली.

डिझेल तेव्हा रस्त्यावर का नव्हते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते. त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. दाब जास्त असल्याने तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघते. त्या काळी डिझेलचे इंधनही पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते.

अडचण वेगळीच होती. एवढा दाब सोसायचा तर इंजिनाचे सगळे भाग जाडजूड हवेत. त्यामुळे इंजिन अवजड होई आणि त्याचे फेरे संथ पडत. शिवाय प्रत्येक फेऱ्यात इंधनाचा अगदी थोडा, मोजका फवारा नेमक्या क्षणी सोडणे हे काम अवघड होते. फेरे वाढले की ते आणखी अवघड होई. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेत डिझेल इंजिन जहाजावर, वीजघरात किंवा एका जागी बसवलेल्या पंपावर दिसे. ते मोटारीत किंवा ट्रकमध्ये बसवता येईल, असे फार थोड्यांना वाटत होते.

पहिला मोठा फटका

सुरुवातीला कमिन्स यांनी ह्विड या डच पद्धतीच्या इंजिनाचा परवाना घेतला आणि शेतीच्या कामासाठी छोटी इंजिने बनवायला घेतली. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स-रोबक या बलाढ्य कंपनीने हजारो इंजिनांची मागणी नोंदवली. नव्या कारखान्याला याहून मोठा आधार काय हवा होता?

पण सीअर्सची एक सवलत होती. माल पसंत पडला नाही तर ग्राहकाने तो परत करावा आणि पैसे घेऊन जावेत. अनेक शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरले आणि हंगाम संपल्यावर परत केले. इंजिनातही दोष होतेच. परत आलेल्या इंजिनांचा ढीग वाढत गेला आणि कंपनी बुडायच्या बेतात आली. आयर्विन यांनी पुन्हा पैसे घातले म्हणून ती तरली.

या काळात कमिन्स यांनी इंधन सोडण्याच्या यंत्रणेवर सतत काम केले आणि स्वतःची पद्धत बसवली. इंजिने सुधारली. बोटींसाठी आणि खोदकामाच्या यंत्रांसाठी ती विकलीही जाऊ लागली. तरी दहा वर्षे उलटूनही कंपनी नफ्यात आली नव्हती. त्यातच ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. हौसेच्या बोटी घेणारा ग्राहक रातोरात नाहीसा झाला. आयर्विन यांनी हात आखडता घेतला असता तर कारखान्याला कुलूप लावण्यावाचून पर्याय नव्हता.

नाताळच्या दिवशीची फेरी

कमिन्स यांनी या वेळी ताळेबंद मांडला नाही. त्यांनी एक जुनी पॅकार्ड लिमोझिन मिळवली, तिचे पेट्रोल इंजिन काढले आणि तिथे बोटीसाठी बनवलेले आपले चार सिलिंडरचे ‘मॉडेल यू’ इंजिन कसेबसे बसवले. २५ डिसेंबर १९२९ रोजी, नाताळच्या दिवशी, ही गाडी घेऊन ते आयर्विन यांच्या दारात गेले आणि त्यांना फिरवून आणले. ही अमेरिकेतली पहिली डिझेल मोटार मानली जाते. त्या फेरीनंतर आयर्विन आणखी पैसे घालायला तयार झाले.

दोनच आठवड्यांत, जानेवारी १९३० मध्ये, कमिन्स तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाकडे घेऊन निघाले. सुमारे ८०० मैलांच्या, म्हणजे जवळपास १,३०० किलोमीटरच्या या प्रवासात इंधनाला खर्च आला १ डॉलर ३८ सेंट. मंदीच्या दिवसांत हा आकडा वर्तमानपत्रांनी उचलून धरला. इंजिनाचे आलेख दाखवून जे साधले नव्हते ते एका प्रवासाच्या खर्चाने साधते, हे कमिन्स यांनी यातून ओळखले.

वेगाचा विक्रम कशासाठी?

ट्रकवाल्याला ताशी १०० मैलांचा वेग नको असतो. त्याला भरवशाचे इंजिन आणि कमी खर्च हवा असतो. मग कमिन्स वेगाच्या मागे का लागले? डिझेल म्हणजे संथ, धूर ओकणारे, जागचे न हलणारे यंत्र ही समजूत मोडायची होती. त्यासाठी सगळ्यांना चटकन कळेल असे माप म्हणजे वेग.

फ्लोरिडातील डेटोनाचा समुद्रकिनारा तेव्हा वेगाच्या विक्रमांसाठी जगप्रसिद्ध होता. ओहोटीनंतर तिथली वाळू घट्ट बसते आणि मैलोन्‌मैल सपाट धावपट्टी मिळते. मार्च १९३० मध्ये कमिन्स यांनी तिथे डिझेल बसवलेली पॅकार्ड ताशी ८०.३८९ मैल वेगाने पळवली. त्यानंतर त्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी नावाजलेल्या ड्युसेनबर्गच्या सांगाड्यावर तेच ‘मॉडेल यू’ इंजिन चढवले. इंजिनाची ताकद होती अवघी ८५ अश्वशक्ती.

फेब्रुवारी १९३१ मध्ये ब्रिटनचे माल्कम कॅम्बेल आपली ‘ब्लू बर्ड’ घेऊन डेटोनाला आले आणि त्यांनी ताशी २४६.०९ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्याच महिन्यात त्याच वाळूवर कमिन्स स्वतः गाडीत बसले आणि त्यांनी ताशी १००.७५५ मैलांची, म्हणजे सुमारे १६२ किलोमीटरची नोंद केली. कॅम्बेल यांच्या आकड्याशेजारी हा आकडा लहान दिसतो. पण ‘ब्लू बर्ड’मध्ये विमानाचे प्रचंड इंजिन होते, तर कमिन्स यांच्या गाडीत बोटीचे. डिझेल गाडीसाठी तो विक्रम होता.

इंडियानापोलिस : ५०० मैल, एकही थांबा नाही

याच गाडीने ३० मे १९३१ रोजी ‘इंडियानापोलिस ५००’मध्ये भाग घेतला. आयोजकांनी नियम सैल करून मोठ्या आकाराच्या इंजिनांना परवानगी दिली होती. कमिन्स यांचे सुमारे ५.९ लिटरचे इंजिन त्या मर्यादेत बसत होते. इतर गाड्या वेगवान होत्या, हे कमिन्स यांना माहीत होते. त्यामुळे त्यांनी डाव वेगळा आखला. इंधन कमी लागते, तर मध्ये थांबायचेच नाही.

चालक डेव्ह इव्हान्स यांनी पूर्ण ५०० मैल एकदाही न थांबता कापले. या शर्यतीत असे प्रथमच घडत होते. सरासरी वेग होता ताशी ८६.१७ मैल. गाडी तेराव्या क्रमांकावर आली. तिने इंधन वापरले ३१ गॅलन, म्हणजे सुमारे ११७ लिटर. ताशी सुमारे १३९ किलोमीटरच्या सरासरीने ८०५ किलोमीटर, तेही दर लिटरमागे जवळपास ७ किलोमीटर अशा हिशेबाने. विजेत्याइतकीच चर्चा तेराव्या गाडीची झाली.

ट्रकची दौड आणि कहोनचा घाट

आता खऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची वेळ आली होती. ऑगस्ट १९३१ मध्ये कमिन्स यांनी ‘इंडियाना’ बनावटीच्या ट्रकमध्ये आपले इंजिन बसवले आणि न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे कूच केले. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचे हे अंतर सुमारे ३,२०० मैलांचे. संपूर्ण प्रवासाला इंधन लागले ११ डॉलर २२ सेंटचे. पुढे प्रत्येक ट्रकमालकाला सांगण्याजोगा आकडा मिळाला.

पण हा आकडा मिळण्याआधीच सगळे संपले असते. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या वर कहोन खिंड आहे. वाळवंटी पठारावरून किनाऱ्याकडे उतरणारा तो लांब, तीव्र घाटरस्ता. स्टिअरिंगवर कमिन्स होते. उतारावर ब्रेक तापत गेले आणि शेवटी निकामी झाले. ट्रक वेग घेत होता आणि पायथ्याशी रस्ता रेल्वेमार्ग ओलांडत होता. त्या फाटकावरून नेमकी एक मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा रस्त्यावरून सरकला आणि पाठोपाठ ट्रक रूळ ओलांडून पलीकडे गेला. काही क्षणांचा फरक पडला असता तर या गोष्टीचा तिथेच शेवट होता.

घाटात ब्रेक का जातात?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. १० टनांचा ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल आणि तो पूर्ण थांबवला, तर ब्रेकमध्ये ठरावीक उष्णता तयार होते. तोच ट्रक ५०० मीटर उंचीचा घाट, म्हणजे साधारण खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत, वेग न वाढू देता उतरला, तर एकूण उष्णता सुमारे ३५ पट होते. घर्षण आणि हवेचा विरोध यांनी त्यातला काही वाटा उचलला, तरी उरलेला भार ब्रेकवरच येतो. म्हणजे पूर्ण वेगातला ट्रक अवघ्या काही मिनिटांत पुन्हा पुन्हा थांबवल्यासारखेच हे आहे. ब्रेकला थंड व्हायला सवड मिळत नाही. तापलेल्या अस्तराची पकड सुटते. पाय पेडलवर असतो, पण ट्रक ऐकत नाही.

पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच थोडेफार रोखते, कारण हवेची वाट बंद होते आणि पिस्टनला पोकळीविरुद्ध ओढावे लागते. डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप सहसा नसते. पिस्टन वर जाताना हवा दाबतो आणि खाली येताना तीच दाबलेली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत ढकलते. घेतलेले बळ जवळपास सगळे परत मिळते. त्यामुळे इंधन वाचवणारे हेच इंजिन उतारावर ट्रकला फारसे रोखत नाही. कमिन्स यांनी ट्रक दूरपर्यंत, जड माल घेऊन, कमी खर्चात जाईल अशी सोय केली होती. पण तो उतरेल कसा, हा प्रश्न त्यांच्याच इंजिनाने अधिक बिकट केला होता.

विक्रमांनंतर नफा

त्या वर्षीच्या अखेरीस इंडियानापोलिसच्या मैदानावर कमिन्स इंजिनाचा ट्रक १४ हजार मैलांहून अधिक अंतर न थांबता फिरला. इंधनही चालत्या ट्रकमध्येच भरले जाई. १९३२ मध्ये याच कंपनीचे इंजिन असलेल्या बसने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अंतर सुमारे ७८ तासांत कापले. १९३४ च्या ‘इंडियानापोलिस ५००’मध्ये कंपनीने दोन गाड्या उतरवल्या, एक टू-स्ट्रोक आणि एक फोर-स्ट्रोक डिझेलची. टू-स्ट्रोक गाडी बाराव्या क्रमांकावर आली खरी, पण त्या इंजिनाची दशा पाहून कंपनीने फोर-स्ट्रोकचाच रस्ता धरला. शर्यतीचे मैदान तिच्यासाठी प्रयोगशाळाही होती. १९३५ मध्ये डेव्ह इव्हान्स यांनी डेटोनाला डिझेलचा विक्रम ताशी १३७.१९५ मैलांवर नेला.

कंपनीने पहिला नफा पाहिला तो १९३७ मध्ये, स्थापनेनंतर १८ वर्षांनी. तोपर्यंत कारभाराची सूत्रे आयर्विन यांच्या कुटुंबातील पुढच्या पिढीतल्या जे. आयर्विन मिलर यांच्याकडे जाऊ लागली होती. मालकी मुख्यतः त्या कुटुंबाची होती. कमिन्स पुढे कॅलिफोर्नियाला राहायला गेले आणि १९५५ मध्ये निवृत्त झाले. दरम्यान १९५२ मध्ये कंपनीची टर्बोचार्जर लावलेली डिझेल गाडी ‘इंडियानापोलिस ५००’मध्ये सर्वात पुढच्या जागेवरून सुटली. पात्रता फेरीतला तिचा वेग होता ताशी १३८.०१० मैल. मैदानावरचा कचरा आणि टायरच्या रबराचे कण ओढले गेल्याने टर्बोचार्जर तुंबला आणि ती ७१ फेऱ्यांनंतर बाद झाली.

निवृत्तीनंतरचा शोध

सत्तरीकडे झुकलेल्या कमिन्स यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये कहोनच्या घाटाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते हीच अडचण असेल, तर ती हवा ढकलण्याआधीच सोडून दिली तर? पिस्टन वर पोहोचला, हवा पूर्ण दाबली गेली की त्याच क्षणी एक्झॉस्ट झडप किंचित उघडायची. हवा निसटते आणि तिच्यात साठलेले बळही तिच्याबरोबर जाते. पिस्टनला खाली येताना मदत मिळत नाही. हवा दाबण्याचे कष्ट मात्र चाकांना करावे लागतात. ताकद देणारे इंजिन ताकद खाणारा कॉम्प्रेसर बनते आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात.

झडप नेमक्या त्या क्षणी उघडणार कशी, हा खरा पेच होता. नव्या कॅमशाफ्टसाठी सगळे इंजिन बदलणे कोणाला परवडले नसते. कमिन्स यांना उत्तर आपल्याच जुन्या इंजिनात सापडले. त्यात इंधनाच्या इंजेक्टरला चालवणारा वेगळा कॅम होता. पिस्टन वर पोहोचण्याच्या सुमारासच तो हलतो. त्याची हालचाल तेलाच्या दाबाने चालणाऱ्या दोन छोट्या पिस्टनांमार्फत एक्झॉस्ट झडपेपर्यंत पोहोचवली की झाले. ही जोडणी इंजिनाच्या डोक्यावर वरून बसवता येत होती आणि चालकाला बटणाने चालू-बंद करता येत होती.

आश्चर्य म्हणजे त्यांच्याच नावाच्या कंपनीसह इंजिन बनवणाऱ्यांनी सुरुवातीला यात रस दाखवला नाही. शेवटी ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स या कंपनीने ते काम घेतले आणि १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आला. ट्रकचालकांनी त्याचे नाव ‘जेक ब्रेक’ करून टाकले. म्हणजे इंजिनावर कमिन्स यांचे नाव राहिले, पण ब्रेकवर दुसऱ्याचे. १९६५ मध्ये कमिन्स यांना त्याचे पेटंट मिळाले. १९६७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले आणि १७ ऑगस्ट १९६८ रोजी, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे काय उरले आहे?

पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर समूहाबरोबर ‘किर्लोस्कर कमिन्स’ ही भागीदारी सुरू झाली. १९९७ मध्ये किर्लोस्कर त्यातून बाहेर पडले आणि आजची ‘कमिन्स इंडिया’ झाली. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाचे नाव १९९१ पासून पुण्यातील मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयावर आहे.

वेगाची परंपराही थांबली नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर ‘साइडवाइंडर’ नावाचा डॉज डकोटा हा छोटा पिकअप ट्रक ताशी २१७ मैल वेगाने धावला. त्यात कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन होते. आकार १९३१ च्या गाडीइतकाच, पण टर्बोचार्जर आणि नव्या इंधन यंत्रणेमुळे ताकद ८५ वरून ७३५ अश्वशक्तीवर गेली होती. विशेष म्हणजे हा ट्रक आपले सामान लादलेला ट्रेलर स्वतःच ओढत मैदानापर्यंत आला होता. जी गाडी विक्रम करते तीच कामही करते, हे कमिन्स यांनी डेटोनाला आणि इंडियानापोलिसला दाखवू पाहिले होते. २००६ मध्ये ‘जेसीबी डिझेलमॅक्स’ने त्याच मैदानावर डिझेलचा विक्रम ताशी ३५०.०९२ मैलांवर नेला.

कमिन्स यांचा ब्रेक मात्र विक्रमांच्या यादीत नाही. अमेरिकेत अनेक गावांच्या वेशीवर इंजिन ब्रेक न वापरण्याच्या पाट्या असतात, कारण दाबलेली हवा सुटताना फटफट असा मोठा आवाज होतो. भारतातही अवजड ट्रकमध्ये आता एक्झॉस्ट ब्रेक किंवा इंजिन ब्रेक दिसतो. पण तो उपयोगी पडतो गाडी गिअरमध्ये असेल तरच. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक इंजिनाचा आधार स्वतःहून सोडतो आणि सगळा भार पुन्हा त्याच ब्रेकवर टाकतो, जे १९३१ मध्ये कहोनच्या उतारावर जळाले होते.